शांघायला राहायला जाताना: आधी नाव, मग नंबर, मग घर (अनुभव आणि प्रश्न)

निशिगंध:

नमस्कार मंडळी. गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या चार घरांनी मला विचारलं की शांघायला बदली झालीय, काय काय करायचं. सगळ्यांना तेच तेच टाइप करून पाठवतेय म्हणून शेवटी धागाच काढते, बाकीच्यांनीही भर घाला. आम्ही इथे सात वर्षं आहोत, आधी पुडोंगमधे होतो आणि आता मिनहांगला.

प्रत्येकजण आधी सामानाचं विचारतो, बॅगेत काय भरू, कुकर नेऊ का. ते नंतर बघू. पहिले पंधरा दिवस माणूस रडकुंडीला येतो तो कामांचा क्रम चुकल्यामुळे. इथे एक काम दुसऱ्याला अडकलेलं असतं. पोलिसांच्या नोंदीशिवाय रेसिडन्स परमिट नाही, फोन नंबरशिवाय बँक नाही, बँकेशिवाय पगार नाही, आणि या सगळ्यात तुमचं नाव अक्षर न् अक्षर एकच लागतं.

नावाचं आधी सांगते कारण आपल्या मराठी लोकांना ते हमखास नडतं. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. इथला क्लार्क कधी आडनाव आधी घालतो, कधी शेवटी, कधी मधलं नाव गाळतो, कधी दोन शब्दांमधली जागाच खाऊन टाकतो. सिमकार्डावर एक नाव, बँकेत दुसरं, अलीपेमधे (फोनवरून पैसे द्यायचं इथलं ॲप) तिसरं झालं की कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन वेगळी माणसं, मग व्हेरिफिकेशन फेल. माझं सिम एका दुकानात मधल्या नावाशिवाय निघालं आणि ते निस्तरायला मला तीन आठवडे लागले. त्यामुळे कुठेही सही करायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि पासपोर्ट शेजारी धरून नाव वाचा. लाज बाळगू नका, ते लोकही थांबतात. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच आहे त्यांनी तर शक्य असेल तर निघायच्या आधीच तो नीट करून घ्यावा.

दुसरं म्हणजे पोलिसात नोंद. हॉटेलात उतरलात तर ते हॉटेलवालेच करतात. पण भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे राहिलात तर पोचल्यापासून २४ तासांत आपण स्वतः करायची. चौकीला पायछूस्वो म्हणतात. पासपोर्ट, भाड्याचा करार आणि मालकाच्या घराच्या कागदाची कॉपी लागते. शांघायमधे हे आता ऑनलाइनही होतं, सोसायटीच्या गेटजवळ क्यूआर कोड लावलेला असतो नाहीतर चौकीत विचारा. राहून गेलं तर दंड २,००० युआनपर्यंत होऊ शकतो, पण दंडापेक्षा जास्त त्रास पुढे होतो कारण परमिटच्या अर्जाला हाच कागद लागतो. घर बदललं, पासपोर्ट बदलला, की परत करायची.

वर्क व्हिसावर किंवा फॅमिलीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर आलात की ३० दिवसांच्या आत रेसिडन्स परमिटचा अर्ज. पुडोंगमधे मिनशेंग रोडला १५०० नंबरला परमिट देणाऱ्या खात्याचं मोठं ऑफिस आहे. अर्ज दिला की पासपोर्ट काही दिवस त्यांच्याकडेच राहतो आणि हातात पावती मिळते, तेव्हा त्या दिवसांत परदेशी जायचं काही ठरवू नका.

बाकी विचारा, जमेल तसं लिहीन.

उंबरठा:

ताई फार उपयोगी धागा काढलात. आम्ही फेब्रुवारीत निघतोय, नवऱ्याची कंपनी पुण्यातून शांघायला पाठवतेय, मी आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. माझे तीन प्रश्न. पैसे कसे द्यायचे, तिथे कार्ड कुणी घेत नाही असं ऐकलं. सांगलीला सासूबाई एकट्या असतात त्यांच्याशी रोज व्हिडिओ कॉल कसा करायचा. आणि जेवायचं काय.

चहाबाज:

पैशांचं मी सांगतो. मी कापडाच्या धंद्यात आहे, शाओशिंगजवळ खछ्याओला असतो, शांघायला येणंजाणं सतत असतं. सगळा व्यवहार अलीपे नाहीतर वीचॅट या ॲपवर, भाजीवाल्या आजीकडेसुद्धा क्यूआर कोड. २०२३ पासून बाहेरच्या देशाचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्याला जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा काही लागत नाही, त्याच्या वर ३ टक्के लागतात. म्हणून मोठी खरेदी, भाडं वगैरे इथलं बँक खातं उघडल्यावर त्यातूनच करा. रुपे कार्डावर भिस्त ठेवू नका, आणि भारतातून निघताना बँकेच्या ॲपमधे इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्या, नाहीतर इथे ओटीपीची वाट बघत बसाल.

ओटीपीवरून सांगतो, भारतातलं सिम बंद करू नका. निघायच्या आधीच रोमिंग चालू करून या. कार्ड जोडताना, घरचं लाइटबिल भरताना, म्युच्युअल फंडात काही करताना, सगळीकडे तोच नंबर लागतो. माझ्या एका ओळखीच्या माणसाने खर्च वाचवायला सिम बंद केलं आणि मग भारतातल्या स्वतःच्या खात्यातले पैसे त्याला सहा महिने हलवता आले नाहीत.

थोडी रोकड पण ठेवा, पाचसातशे युआन. फोनची बॅटरी संपली की इथे माणूस एकदम परका होतो. दुकानादुकानात भाड्याने पॉवर बँक मिळतात, पण त्या घ्यायलाही फोन थोडा तरी चालू लागतो. आणि भारतातली पॉवर बँक घेऊन इथल्या देशांतर्गत विमानात बसू नका. २८ जून २०२५ पासून तिच्यावर चीनचं थ्रीसी (3C) हे सुरक्षेचं चिन्ह नसेल तर सिक्युरिटीला काढून घेतात.

निशिगंध:

चहाबाज दादा, सिमचं बरं आठवलं. उंबरठा, आता तुमच्या सासूबाईंचं. इथे अडचण दोन्ही बाजूंनी आहे. चीनमधे व्हॉट्सॲप चालत नाही, गूगल, यूट्यूब, जीमेल, फेसबुक काहीच चालत नाही. आणि भारत सरकारने जून २०२० मधे ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यात वीचॅट होतं. म्हणजे तुमचं ॲप इथे नाही आणि इथलं ॲप आईंकडे नाही. हे बऱ्याच जणांना इथे पोचल्यावर कळतं आणि मग पहिले दोन दिवस घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

उपाय असा, भारतीय सिमवर रोमिंगचा डेटा घेतला तर तो भारतातल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो, त्यामुळे त्यावर व्हॉट्सॲप नेहमीसारखं चालतं. रोज तासतासभर बोलायला ते महाग पडतं, पण पहिल्या आठवड्याला आणि अडीअडचणीला पॅक असलेला बरा. रोजच्यासाठी आमच्याकडे आईबाबांच्या टॅबवर मायक्रोसॉफ्ट टीम्स टाकून दिलंय, ते आमच्या घरच्या वायफायवर चालतं. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम. काय वापरायचं ते ठरवून सासूबाईंना इथून नाही, तिथे असतानाच शिकवा, दोनदा तीनदा त्यांच्याकडूनच कॉल लावून घ्या. वेळेत फरक अडीच तासांचा, इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे सांगलीत सात, दिवेलागणीची वेळ. आमची आई तेव्हाच फोनची वाट बघत असते.

वीचॅट मात्र इथे पोचल्यावर घ्यावंच लागेल, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, घरमालक, सगळे तिथेच. नवीन खातं उघडताना बऱ्याचदा आधीपासून वीचॅटवर असलेल्या कुणीतरी तुमचा कोड स्कॅन करून द्यावा लागतो, ऑफिसमधल्या चिनी सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

वांगीभात:

जेवणाचं माझ्याकडे लागलं. मी इथे सुरुवातीचे चार महिने फळं आणि ब्रेड खाऊन काढले, म्हणून मनापासून लिहितोय.

'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. मांस नको म्हटलं की वरचे तुकडे काढतात, पण रस्सा हाडांचाच असतो, भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असते आणि वरून चिकनची पावडर पडते. ते लोक फसवत नाहीत हो, त्यांच्या हिशोबात ते मांस नसतंच. म्हणून आधी म्हणायचं 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी. मग एकेक सांगायचं, 'बू याओ जूयौ' म्हणजे डुकराची चरबी नको, 'बू याओ जीजिंग' म्हणजे ती चिकन पावडर नको, 'बू याओ जीदान' म्हणजे अंडं नको. मी हे सगळं चिनी अक्षरांत लिहून फोनच्या वॉलपेपरला लावलं होतं. बोलून उच्चार चुकतो, दाखवलेलं कागदासारखं चालतं.

'सू' जेवण बौद्ध विहारांच्या परंपरेशी जोडलेलं, त्यामुळे सू म्हटलं की बऱ्याच ठिकाणी कांदा लसूणही गळतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना हे सोयीचंच. देवळांच्या आवारात शाकाहारी नूडल्स मिळतात, लोंगह्वा मंदिरातल्या मला फार आवडतात. नानजिंग पश्चिम रस्त्यावर गोंगदलीन म्हणून शाकाहारी हॉटेल आहे, १९२२ पासूनचं. तिथे ताटात बदक किंवा मासा दिसला तर दचकू नका, ते सोयाबीन आणि गव्हाचं असतं. माझे वडील मात्र ते बघूनच उठले होते, त्यामुळे वडीलधाऱ्यांना आधी कल्पना द्या.

घरी करायचं असेल तर भाजीचे नव्वद टक्के प्रश्न सुटतात. भेंडी म्हणजे छ्योउख्वेइ, कारलं खूग्वा, स्सग्वा म्हणजे आपलं घोसाळं, कोथिंबीर श्यांगत्साय. मूग तर ढिगाने. तूरडाळ, हिंग, पोहे, गोडा मसाला इथल्या साध्या बाजारात नाही मिळत, भारतीय सामान विकणारे ताओबाओ या ऑनलाइन बाजारावर आहेत पण हिंग तेवढा येताना आणा.

आणि ही गोष्ट मला दोन वर्षांनी कळली म्हणून खास सांगतो. ज्वारी इथे उत्तरेकडे खूप पिकते, तिला गाओल्यांग म्हणतात, तिची दारूपण करतात. गाओल्यांगचं पीठ ऑनलाइन मिळतं. म्हणजे भाकरी होते! आणि श्याओमी हा शब्द आपण फोनमुळे ओळखतो, त्याचा अर्थ आहे राळे. इथे सकाळी राळ्याची पेज पितात, लहान मुलीला द्यायला एकदम उत्तम.

भटकी:

मधेच विचारते, पाणी नळाचं पितात का तिथे? आणि आपला भारतातला मिक्सर चालेल का? एप्रिलमधे बायकोबरोबर तिथे येणाऱ्या एका मित्रासाठी विचारतेय.

निशिगंध:

नळाचं नाही प्यायचं, उकळून किंवा मोठ्या बाटल्या मागवून. इथली माणसं गरम पाणीच पितात, स्टेशनवर, दवाखान्यात, सगळीकडे गरम पाण्याचे नळ असतात, थर्मास जवळ ठेवा. वीज २२० व्होल्टच आहे त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही, चांगल्या वजनाचा ॲडॉप्टर आणा, हलका आणलात तर मिक्सरच्या लोडने तापतो.

आता घराबद्दल. भाडं बहुतेक ठिकाणी 'या यी फू सान' असतं, एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. म्हणजे पहिल्याच दिवशी चार महिन्यांची रक्कम हातात लागते, त्यावर एजंटचं कमिशन वेगळं. कंपनीकडून हा ॲडव्हान्स मिळेल का ते पुण्यातच विचारून घ्या. करार करताना मालकाला दोन प्रश्न, पोलिसांच्या नोंदीला कागद देणार का, आणि फाप्याओ म्हणजे अधिकृत बिल देणार का. कंपनी भाडं देणार असेल तर फाप्याओशिवाय पैसे मिळत नाहीत. पहिल्या घराच्या मालकाने आमचं डिपॉझिट भिंतीवरच्या डागांसाठी ठेवून घेतलं, ते डाग आम्ही यायच्या आधीचे होते पण आमच्याकडे फोटो नव्हता. तेव्हापासून किल्ली हातात आली की पहिल्या तासात सगळ्या घराचा व्हिडिओ, कपाटांच्या आतूनसुद्धा, आणि तो लगेच मालकाला वीचॅटवर पाठवायचा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

फेब्रुवारीत येताय तर थंडीचं मनात ठेवा. चीनमधे सरकारी हीटिंग छिनलिंग डोंगर आणि ह्वायह नदीच्या रेषेच्या उत्तरेला असतं, शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला. बीजिंगमधे घरात बनियनवर बसतात आणि इथे घरात स्वेटर घालून. दमट थंडी आहे, हाडात शिरते. घर बघताना एसी गरम हवा देतो का ते तिथेच लावून बघा, खिडक्यांच्या फटी बघा. आणि जूनच्या मध्यापासून मेइयू, प्लम पिकतात तेव्हाचा पाऊस. कोकणात श्रावणात चपलांना बुरशी येते तसंच. मसाले घट्ट झाकणाच्या डब्यात.

आणि पहिल्या फेब्रुवारीत चिनी नववर्षाची सुट्टी कुठे येते ते कॅलेंडरवर बघून तिकीट काढा. त्या दिवसांत ऑफिसं बंद, एजंट गावाला, कुरिअर धीमे, तुमचे २४ तास आणि ३० दिवस मात्र चालूच राहतात.

आजरेकर:

कचऱ्याचं कोण सांगणार? मी सांगतो, मला त्यावरून पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या मावशींनी परत पाठवलं होतं. शांघायमधे १ जुलै २०१९ पासून चार प्रकारांत कचरा वेगळा करणं सक्तीचं आहे. ओला, सुका, रिसायकलचा आणि धोकादायक म्हणजे रिचार्जचे आणि बटणासारखे सेल, औषधं, ट्यूबलाइट. टाकायच्या वेळा ठरलेल्या, सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ. ओला कचरा पिशवीतून डब्यात ओतायचा आणि पिशवी सुक्यात टाकायची. आपल्याला चकवणारी गोष्ट म्हणजे नारळाची करवंटी ओल्यात नाही, सुक्यात जाते. वैयक्तिक दंड ५० ते २०० युआन आहे, पण तिथे उभ्या असलेल्या मावशी दंडाच्या आधी स्वतः हात घालून वेगळं करून दाखवतात. त्यांना आ-यी म्हणतात, आपल्या 'आई'ला जवळचा शब्द, आणि तसं हाक मारलं की त्या खरंच प्रेमाने शिकवतात. माझ्या आयींनी मला चारही डब्यांची नावं पाठ करून घेतली.

स्टेथो:

मी हांगझोउला एमबीबीएस केलं, त्यामुळे हॉस्पिटलचं लिहिते. लहान मूल बरोबर आहे म्हणून नीट वाचा उंबरठा.

इथे फॅमिली डॉक्टरकडे जाण्याची पद्धत नाही, साध्या तापालाही लोक मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जातात. पहिली पायरी ग्वाहाओ, म्हणजे नंबर लावणं, आणि तो विभागाप्रमाणे लावायचा. पासपोर्टशिवाय नाही होत. मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे आधी भरायचे, मग तपासणी, रिपोर्ट घेऊन परत डॉक्टर, मग औषधाचे पैसे, मग औषध. प्रत्येक पायरीला पैसे आधी. सवय नसली की वाटतं आपल्याला लुबाडतायत, तसं नसतं, सगळ्यांना तेच. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत इंग्रजी बोलणारा वेगळा विभाग असतो, तो महाग पडतो पण विमा असेल तर तिथेच जा.

मुलीची लसीकरणाची फाइल, ॲलर्जी असेल तर ती, आणि रोज चालू असलेल्या औषधांची ब्रँडची नाही तर मूळ औषधाची नावं चिनी अक्षरांत एका कार्डावर करून घ्या. भारतातल्या क्रोसिन, कॉम्बिफ्लाम या नावांना इथे कुणी ओळखत नाही. ॲम्ब्युलन्स १२०, पोलीस ११०, आग ११९. १२० ला पत्ता चिनीत सांगावा लागतो, म्हणून घराचा पत्ता सोसायटीचं नाव, बिल्डिंग नंबर, मजला अशा क्रमाने दाराच्या आत चिकटवून ठेवा आणि शेजाऱ्यांचा नंबर त्याखाली. माझ्या रूममेटला रात्री अपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा आम्ही पाच मुली होतो आणि एकीलाही आपल्या बिल्डिंगचा नंबर चिनीत सांगता येईना, खालच्या वॉचमनकाकांनी फोन घेतला. ती भीती अजून आठवते.

व्हिसाचं काही विचारायचं असेल तर १२३६७ वर इंग्रजीत बोलतात, चोवीस तास.

निशिगंध:

स्टेथो, खूप महत्त्वाचं लिहिलंस गं.

प्रवासाचं थोडक्यात. मेट्रो उत्तम आहे, ३ युआनपासून तिकीट, १.३ मीटरपेक्षा कमी उंचीचं एक मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट. प्रत्येक स्टेशनवर बॅग मशीनमधून जाते. शेवटची गाडी लवकर असते, साडेदहानंतर वेळ बघूनच निघा. गूगल मॅप्स मिळालं तरी रस्त्याची जागा सरकलेली दाखवतं, गाओद नाहीतर ॲपल मॅप्स वापरा. टॅक्सीसाठी दीदी नावाचं ॲप, ड्रायव्हरला शिफू म्हणायचं. रस्ता ओलांडताना कान नाही, डोळे वापरा, बॅटरीच्या स्कूटर आवाज न करता फुटपाथवरूनसुद्धा येतात, मुलीचा हात सोडू नका. आणि भारतातलं लायसन्स किंवा इंटरनॅशनल परमिट इथे चालत नाही, आधी थिअरी परीक्षा, १०० प्रश्नांपैकी ९० बरोबर.

उंबरठा:

सगळ्यांचे खूप आभार. पोचून तीन आठवडे झाले म्हणून कळवायला आले. नोंद दुसऱ्या दिवशी झाली. नावाचं ताईंनी सांगितलं नसतं तर नक्की फसलो असतो, सिमच्या दुकानात माझं आणि नवऱ्याचं नाव जोडून एक शब्द केला होता, मी स्क्रीन वळवायला लावली आणि तिथेच दुरुस्त झालं. परमिटचा अर्ज दिलाय, पासपोर्ट त्यांच्याकडे आहेत. सासूबाई रोज सातला टीम्स स्वतः लावतात, काल त्यांनी शेजारच्या काकूंनापण दाखवलं कसं लावायचं.

दवाखान्याची वेळ एकदा आली, मुलीला ताप होता. कार्ड दाखवलं, काम झालं. स्टेथो, तुमच्यामुळे घाबरले नाही.

वांगीभात दादा, गाओल्यांगचं पीठ आलं. पण भाकरी थापताना कडेने फाटतेय, चिकटपणाच नाही पिठाला. काय करू?

वांगीभात:

वा, वाचून बरं वाटलं. पीठ पाकिटातलं आहे, दळून बरेच दिवस झालेले असतात, त्यामुळे विरी जाते. गार पाण्यात मळू नका. जेवढं पीठ त्याच्या साधारण निम्म्याला थोडं जास्त पाणी उकळा, मीठ घाला, गॅस बंद करून पीठ टाका आणि झाकून दहा मिनिटं ठेवा, उकड काढतो तशी. मग गरम असतानाच हाताला पाणी लावत जोर देऊन मळा. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं. तवा लोखंडी हवा, इथली कढई चालते पण तिचा तळ गोल असतो, सपाट तव्यासाठी 'ज्येनबिंग'चा तवा शोधा, रस्त्यावर सकाळी धिरडी करतात ना तोच.

उंबरठा:

आमच्या गेटबाहेर रोज सकाळी एक काकू करतात ती धिरडी. उद्या त्यांनाच विचारते तवा कुठून घेतला.